एजन्सीचं मार्जिन, दहा टक्के टीडीएस आणि ‘तोच आकडा’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कळव्यात राहणाऱ्या या वाचक एकतीस वर्षांच्या आहेत. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतात. तीन वर्षांपासून एका एजन्सीमार्फत ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत जातात. करारात त्यांना ‘कन्सल्टंट’ म्हटलं आहे. महिना १,१०,००० रुपये ठरलेत, त्यातून दहा टक्के टीडीएस कापून ९९,००० हातात येतात. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही. कंपनीकडून पैसे आले नाहीत असं सांगून एजन्सीने दोनदा त्यांचं पेमेंट पुढच्या महिन्यावर ढकललं. मध्यंतरी चुकून त्यांच्याकडे आलेल्या एका मेलमध्ये एजन्सीने कंपनीला पाठवलेलं त्यांच्या नावाचं बिल होतं, १,८८,८०० रुपयांचं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. आता करार नव्याने करताना एजन्सी म्हणते, ‘आमच्या पेरोलवर या, आकडा तोच, सीटीसी (पीएफ, ग्रॅच्युइटी धरून तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १३ लाख २० हजार.’ कंपनीतले मॅनेजर आडून सुचवतात, ‘डायरेक्ट या ना.’ दीर म्हणतात, कन्सल्टंटला टॅक्स लागत नाही, आहे ते सोडू नका. आई म्हणते, पीएफ हवाच. पुढच्या वर्षी घोडबंदर रोडला वन बीएचके घेण्याचा विचार आहे. आधीच्या नोकरीतला पीएफ काढलेला नाही. त्यांचा प्रश्न: एजन्सी मला लुटते आहे का, आणि मी नक्की काय करू?

नमस्कार,

तुमचा राग मी समजू शकते. आपल्या नावापुढे एक आकडा आणि आपल्या खात्यात दुसराच, हे पाहून कुणाचंही डोकं फिरेल. पण त्या रागाच्या भरात तुम्ही तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि तिन्ही थोड्या थोड्या चुकीच्या आहेत. एक, १,८८,८०० आणि ९९,००० मधला सगळा फरक एजन्सीच्या खिशात जातो. दोन, दहा टक्के टीडीएस कापला म्हणजे तुमचा टॅक्स भरून झाला. तीन, कन्सल्टंट राहण्यात टॅक्स वाचतो आणि पेरोलवर गेलं की तो जातो. निर्णय खरं तर तिसऱ्या मुद्द्यावर अडला आहे, पण आधी पहिल्याचा हिशेब करू.

त्या बिलातले २८,८०० रुपये जीएसटीचे आहेत. माणसं पुरवण्याच्या सेवेवर अठरा टक्के लागतो, तो एजन्सी गोळा करून सरकारला भरते. म्हणजे मूळ बिल १,६०,००० चं. तुमच्या ९९,००० मध्ये जे ११,००० कमी दिसतात, ते तुमच्याच पॅनवर सरकारकडे जमा होतात किंवा व्हायला हवेत. उरतात ५०,०००. एजन्सीचा हिस्सा तो. हाच आकडा दोन तऱ्हांनी सांगता येतो: तुमच्या रकमेवर चढवलेला म्हणाल तर पंचेचाळीस टक्के, बिलातला वाटा म्हणाल तर एकतीस. वाटाघाटीत एजन्सीवाले नेहमी लहान टक्का सांगतात. तुम्ही टक्क्यांत अडकू नका, रुपयांत बोला.

हे ५०,००० कशाचे? माणूस शोधणं, मुलाखती, कंपनीच्या व्हेंडर यादीत टिकून राहणं, माणूस सोडून गेला तर बदली देणं, हे सगळं खरं काम आहे. शिवाय उधारी असते. कंपनी बिल दोन महिन्यांनी चुकतं करत असेल, तर तुमचे सव्वादोन लाखांच्या आसपास एजन्सीने कायम स्वतःच्या खिशातून घातलेले असतात. पण बारा टक्के व्याज धरलं तरी त्याची किंमत महिन्याला सव्वादोन हजारांच्या पुढे जात नाही. आणि तुमच्या बाबतीत तर माणूस शोधण्याचं काम तीन वर्षांपूर्वीच झालं. तेव्हा लूट हा शब्द मी वापरणार नाही, पण तीन वर्षांनंतरही दर महिन्याला ५०,००० हे मला जास्त वाटतात.

मला त्याहून जास्त खटकली ती पेमेंट ढकलण्याची गोष्ट. कंपनी पैसे उशिरा देईल, ही जोखीम एजन्सी घेते, म्हणून तर तिला मार्जिन मिळतं. मग ती जोखीम प्रत्यक्षात आली की ‘वरून पैसे आले नाहीत’ म्हणून तुमचे पैसे थांबवायचे? हे चालणार नाही. जोखमीचे पैसे घेतले असतील तर ती निभावायलाही हवी. ऊसतोडीच्या टोळीत मुकादमाचं कमिशन किती, हे साखर संघाशी होणाऱ्या करारात उघड ठरतं आणि प्रत्येक कोयत्याला, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडीला, ते ठाऊक असतं. ऐरोलीत लॅपटॉपवर काम करणाऱ्याला मात्र आपलं बिल किती लागतं हे चुकून आलेल्या मेलमधून कळावं, हे बरोबर नाही. एजन्सीने बिलाचा दर तुम्हाला सांगावा असं बंधन नाही, पण विचारायला कुणाची बंदीही नाही. फक्त तो मेल पुढे करून भांडू नका. बाजारात तुमच्या अनुभवाच्या टेस्टरला काय मिळतं, ते दोनतीन ठिकाणी विचारून घ्या आणि त्या जोरावर आकडा मागा.

आता टॅक्स. आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ चा, लागू झाला आहे आणि कलमांचे, फॉर्मचे आकडे बदलले आहेत. मी इथे जुनेच आकडे देते, कारण एचआर आणि सीए अजून त्याच भाषेत बोलतात.

टीडीएस म्हणजे आगाऊ कापून घेतलेली रक्कम, तुमचा अंतिम कर नाही. व्यावसायिक फीवर १९४ जे खाली दहा टक्के कापतात, तांत्रिक सेवेवर दोन टक्के, कंत्राट धरलं तर १९४ सी खाली व्यक्तीला एक टक्का. कुठलाही दर लावला तरी वर्षअखेरीला तुमचा कर तोच निघतो, फरक फक्त परतावा मिळण्यात किंवा वरून भरण्यात पडतो. तुमच्या वर्षाच्या १३,२०,००० वर १,३२,००० कापले जातात. माहिती तंत्रज्ञानातलं व्यावसायिक काम ४४ एडीए मध्ये, म्हणजे खर्चाचा तपशील न मागता अंदाजाने उत्पन्न धरणाऱ्या कलमात, बसतं. त्यात एकूण जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची असते, म्हणजे ६,६०,०००. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे सगळे १,३२,००० परत मिळतात. दीर म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं आहे.

पण पेरोलचा हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही. तो मी करून पाहिला. सीटीसी १३,२०,००० मध्ये मूळ वेतन निम्मं धरू. एजन्सीच्या वाट्याचा पीएफ किमान मर्यादेनुसार, म्हणजे महिना १५,००० वर बारा टक्क्यांनी, वर्षाला २१,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद ३१,७०० च्या आसपास. ते वजा जाता पगार साधारण १२,६६,००० राहतो. नोकरदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. उरतं बारा लाखांच्या किंचित खाली. म्हणजे इथेही कर शून्य!

कन्सल्टंट राहा किंवा पेरोलवर जा, तुमच्या आकड्यावर आयकराचा फरक पडतच नाही. काही वर्षांपूर्वी पडला असता, आज नाही. पेरोलवर तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर कापून हातात महिना साधारण १,०३,५०० येतील. आज परतावा धरून १,१०,००० येतात. वरवर साडेसहा हजारांचा तोटा दिसतो, पण त्यातले ३,६०० तुमच्याच पीएफमध्ये जातात, निम्मे तुमचे, निम्मे एजन्सीच्या वाट्याचे. उरलेल्या रकमेत बहुतेक ग्रॅच्युइटी आहे. नव्या कामगार संहितांनुसार ठरावीक मुदतीच्या नोकरीत एक वर्ष पूर्ण झालं तरी ती मिळते, पाच वर्षं थांबावं लागत नाही. मात्र नेमणूकपत्रात ‘फिक्स्ड टर्म’ असं स्पष्ट लिहून घ्या.

दुसरी बाजूही बघा. तुम्ही खरोखर स्वतंत्र व्यावसायिक आहात का? तुम्ही पत्रात लिहिलं आहे की ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची ठरलेली गाडी पकडून साडेनऊला बायोमेट्रिकवर बोट ठेवता, लॅपटॉप कंपनीचा, रजेसाठी मॅनेजरची परवानगी, दुसरं काम घ्यायला मनाई. करारावर ‘कन्सल्टंट’ लिहिलं म्हणून कुणी कन्सल्टंट होत नाही. १९७३ मध्ये एका टेलरिंग दुकानातल्या शिंप्यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. त्यांना नगावर पैसे मिळत. तरी मशीन मालकाची आणि काम पसंत पडलं नाही तर उसवून पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार मालकाचा, हे पाहून कोर्टाने त्यांना कामगार मानलं. आजही नातं ठरतं ते कामावर ताबा कुणाचा, साधनं कुणाची आणि नफा-तोट्याची जोखीम कुणावर, यावरून. या तिन्ही प्रश्नांची तुमची उत्तरं एकाच बाजूला झुकतात.

उद्या आयकर खात्याने हे सगळं पगार आहे असं म्हटलं, तर ४४ एडीए गळून पडेल. तुमच्या बाबतीत त्याची किंमत वर्षाला सेससह ४६,८०० रुपये, अधिक व्याज. त्रासदायक आहे, पण आयुष्य उद्ध्वस्त होईल असं काही नाही. मात्र याच स्थितीत वर्षाला तीस लाख घेणारे वाचक असतील तर त्यांनी नीट ऐकावं: व्यावसायिक म्हणून निम्मं उत्पन्न दाखवलं तर कर १,०९,२०० होतो, तेच पगार मानलं तर ४,७५,८००. साडेतीन लाखांहून मोठा हा फरक एका शब्दावर उभा आहे. एकाच कंपनीत, एकाच खुर्चीवर बसून तो टिकवायचा असेल तर सीएशी बोलून करार, बिलं, कामाची पद्धत सगळं खरोखर स्वतंत्र व्यावसायिकाचं असायला हवं. शिवाय वीस लाख ओलांडले की जीएसटी नोंदणी लागते, आणि जीएसटी बिलावर देय होतो. कंपनीने पैसे दोन महिन्यांनी दिले तरी रिटर्न आणि रक्कम वेळेवरच भरावी लागते. हे बऱ्याच जणांना पहिल्या तिमाहीतच जाणवतं.

घराचं तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. माझ्या मते ते सगळ्यात वर असायला हवं. बँक कर्ज देताना रिटर्नमधलं उत्पन्न बघते. तुमच्या रिटर्नमध्ये ६,६०,००० दिसणार. तुम्ही महिना लाखाच्या वर कमावता हे तुम्हाला माहीत आहे, बँकेच्या कागदावर तुमची कमाई पंचावन्न हजार आहे. त्या आकड्यावर घोडबंदरचा वन बीएचके बसवणं कठीण जाईल. पेरोलवर गेलात तर काही महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ वर पात्रता जवळजवळ दुप्पट दिसते. नोंदणी पुढच्या वर्षी करायची असेल तर बदल आत्ताच करायला हवा.

आता ‘डायरेक्ट या ना’. मॅनेजरचा हेतू चांगला असेल, पण मॅनेजर करार करत नाहीत, कंपनीचा खरेदी विभाग करतो. मोठ्या कंपन्या एकट्या व्यक्तीला व्हेंडर म्हणून सहसा घेत नाहीत. तुमच्या करारातलं ‘बारा महिने क्लायंटकडे जाणार नाही’ हे कलम वाचून तुम्ही घाबरला आहात. करार संपल्यानंतर कुणाला काम करण्यापासून रोखणारी अट करार कायद्याच्या कलम २७ खाली सहसा टिकत नाही. करार चालू असताना मात्र टिकते, आणि याचं गाजलेलं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्ड विभागातल्या एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार मध्येच सोडून राजस्थानातल्या कोटा शहरातल्या स्पर्धक कंपनीत नोकरी धरली. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कराराची उरलेली मुदत संपेपर्यंतची बंदी वैध ठरवली. तेव्हा जायचं असेल तर नोटीस देऊन, करार संपवून जा. खरी आडकाठी तुमच्या कागदात नसतेच, ती कंपनी आणि एजन्सी यांच्यातल्या करारात असते: माणूस थेट घेतला तर कंपनीने एजन्सीला इतके पैसे द्यायचे. मॅनेजरना एवढंच विचारा, ‘ती रक्कम भरायची तुमची तयारी आहे का, आणि नोकरीवर घ्याल की पुन्हा कन्सल्टंट?’ उत्तर लेखी आलं तर पुढे बोला. कंपनीच्या थेट नोकरीत घेणार असतील, तर तो तुमच्यासमोरचा सगळ्यात चांगला पर्याय आहे. नुसतं बोलणंच असेल तर त्याच्या भरवशावर करार लांबवू नका.

तोवर माझा कौल पेरोलला आहे, पण ‘तोच आकडा’ स्वीकारून नाही. एजन्सी तुमच्याच पैशांतून पीएफ आणि ग्रॅच्युइटी देणार असेल तर तिने काय दिलं? वाढ मागाच. पण कशी मागता त्याला महत्त्व आहे. पगार १२,७५,००० च्या वर गेला की पुढचे सत्तरेक हजार जवळजवळ पूर्ण करात जातात, कारण सवलत संपते. महिना चार हजारांची वाढ मिळवून वर्षाला सात हजार सुद्धा हातात उरणार नाहीत. त्याऐवजी ती वाढ एजन्सीच्या वाट्याच्या पीएफमध्ये मागा: मर्यादेवर न थांबता मूळ वेतनाच्या पूर्ण बारा टक्के, म्हणजे वर्षाला २१,६०० ऐवजी ७९,२००. किंवा एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) एजन्सीचा हिस्सा मागा, नव्या कररचनेतही मूळ वेतनाच्या चौदा टक्क्यांपर्यंत त्यावर कर नाही. आणि घरच्यांसह मेडिक्लेम. हे सगळं सध्याच्या १३,२०,००० च्या वर, त्यातून कापून नाही. ५०,००० च्या मार्जिनमध्ये याला भरपूर जागा आहे.

एचआर कदाचित म्हणेल, मूळ वेतन १५,००० च्या वर आहे, पीएफ ऐच्छिक आहे, घेऊ नका म्हणजे हातात जास्त येईल. तुम्हाला ते लागू नाही. आधीचा पीएफ काढलेला नाही म्हणजे तुम्ही अजून सदस्य आहात, त्यामुळे तो कापावाच लागतो. जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या, नवा काढू देऊ नका.

आणि ज्यांना कन्सल्टंटच राहायचं आहे, किंवा एजन्सीने वर काहीच द्यायला नकार दिल्यामुळे तुम्हाला राहावं लागलं, तर? मग पेमेंटची तारीख करारात घालून घ्या आणि ‘कंपनीकडून पैसे आल्यावर’ हे शब्द काढायला लावा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ती मोफत आहे, पॅन आणि आधारवर होते. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे थांबवता येत नाहीत. थांबवले तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं लागतं, शिवाय ४३ बी (एच) मुळे प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत एजन्सीला त्या खर्चाची करवजावट मिळत नाही. एजन्सीच्या अकाउंट्सवाल्यांना हे कलम चांगलं ठाऊक असतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असू द्या. महाराष्ट्राचा व्यवसाय कर, वर्षाला २,५००, नोकरदाराचा कंपनी कापते, कन्सल्टंटने मात्र स्वतः नोंदणी करून भरायचा असतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, तेव्हा तीन वर्षांचा राहिला असेल तर तो आधी भरून टाका. आणि दरवर्षी १,३२,००० परताव्यात अडकू द्यायचे नसतील तर कलम १९७ खाली कमी टीडीएसचं प्रमाणपत्र मागता येतं.

राहिलं दर महिन्याला कापल्या जाणाऱ्या त्या ११,००० चं. पेमेंट दोनदा ढकलणाऱ्या एजन्सीने कापलेला टीडीएस वेळेवर भरला असेल असं मी गृहीत धरणार नाही. आज रात्रीच पोर्टलवर जाऊन तिन्ही वर्षांचं २६ एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचं विवरण) उघडा आणि प्रत्येक तिमाही जुळवून बघा. कापलेला महिना कुठे दिसत नसेल तर बिल, बँक स्टेटमेंट आणि मेल एका फोल्डरमध्ये ठेवा. कर कापला गेल्याचा पुरावा असेल तर तोच कर खातं तुमच्याकडून पुन्हा वसूल करू शकत नाही, कलम २०५ तेच सांगतं. पण हा झगडा कागदांवर होतो आणि एजन्सी सोडल्यावर ते मिळवणं अवघड जातं. म्हणून फॉर्म १६ ए, म्हणजे टीडीएसची प्रमाणपत्रं, सगळे मागून घ्या, नवीन करारावर सही करण्याआधी, आणि मागणी फोनवर नाही, मेलवर करा.